चिडवणे आणि छळ यांच्या मधली मुले

मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर थोडा वेळ उभे राहिले तरी तो शब्द कानावर पडतो. चेंडू नीट फेकता न येणारा, हातवारे करत बोलणारा, गॅदरिंगच्या नाचात रमणारा किंवा मुलींच्या घोळक्यात बसून डबा खाणारा मुलगा ‘बायल्या’ ठरतो. ‘छक्का’, ‘हिजडा’, ‘लेडीज’ हे शब्द जोडीला असतातच. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ‘गे’ हा शब्दही शिवीसारखा फेकला जातो. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीपासून सिडको-हडकोपर्यंत मुलांच्या तोंडी मराठी, उर्दू, हिंदी सरमिसळ असते, आणि हा टोमणा त्या सगळ्या भाषांत तयार असतो.

मुलाने तक्रार केलीच तर शाळेत उत्तर मिळते, ‘पोरं आहेत, चिडवणारच.’ घरी मिळणारे उत्तर वेगळे असते, पण दिलासा त्यातही नसतो: ‘तूच जरा मुलासारखा वाग.’ दोन्ही उत्तरांत चूक मुलाच्या पदरात पडते.

समलिंगी किंवा पारलिंगी असल्याच्या, अथवा तसे ‘वाटण्याच्या’ कारणावरून विद्यार्थ्यांचा जो छळ होतो, त्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशात आणि राज्यात बरीच चर्चा झाली. न्यायालयांचे निकाल आले, नियम झाले, एक शिक्षक-पुस्तिका निघाली आणि मागेही घेतली गेली. ही चर्चा आज कुठे उभी आहे, तिच्यात कोणकोणत्या बाजू आहेत आणि काय अजून सुटलेले नाही, हे मराठवाड्यातल्या एका शहरातून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी शब्द

मराठीत या प्रकाराला नेमका शब्द नाही. एका टोकाला चिडवणे, खोड काढणे, टिंगल, थट्टामस्करी हे सौम्य शब्द आहेत. दुसऱ्या टोकाला छळ आणि अत्याचार हे जड शब्द. इंग्रजीतला ‘बुलिंग’ हा शब्द ज्या मधल्या जागेसाठी आहे, ती जागा मराठीत मोकळी राहते. त्यामुळे प्रकार एक तर ‘चिडवणे’ म्हणून झटकला जातो, नाही तर हात-पाय मोडेपर्यंत ‘छळ’ या शब्दाची पात्रता त्याला येत नाही.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास डॅन ओल्वेयस यांनी सुरू केला. 1982 च्या अखेरीस नॉर्वेत तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि पुढच्याच वर्षी देशभर शालेय मोहीम सुरू झाली. ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या: कृती जाणूनबुजून केलेली असते, ती पुन्हा पुन्हा होते आणि दोन्ही बाजूंच्या बळात तफावत असते. या कसोटीवर एकदा झालेली मस्करी आणि वर्षभर रोज हजेरीच्या वेळी उठणारे हसू यांतला फरक लगेच दिसतो. चाळीस जणांनी एकावर रोज हसणे हा छळच आहे. त्यासाठी कुणी हात उगारण्याची गरज नसते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. ज्या मुलाला चिडवले जाते तो समलिंगी असतोच असे नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी स्वतःचा लैंगिक कल त्याला स्वतःलाही उमगलेला नसतो. वर्ग ज्यावर बोट ठेवतो ते असते त्याचे चालणे, बोलणे, आवाज, आवडीनिवडी. ‘बायल्या’ या शब्दाच्या पोटातच ‘बाई’ आहे. बाईसारखे असणे कमीपणाचे, हे त्या शब्दाने आधीच गृहीत धरले आहे. म्हणून हा प्रश्न समलिंगी मुलांपुरता उरत नाही, तो मुलगा आणि मुलगी यांच्या ठरीव साच्यांपर्यंत जातो.

मुलींच्या बाबतीत गोष्ट निराळ्या वळणाने जाते. मुलासारखी राहणारी मुलगी पाचवी-सहावीपर्यंत कौतुकाची असते. वयात आल्यावर तेच कौतुक धाकात बदलते. केस वाढव, ओढणी घे, त्या मैत्रिणीबरोबर फिरू नकोस, असे सुरू होते. मैत्रिणीवर जीव जडल्याचा संशय आला तर शाळा सुटते आणि स्थळे पाहिली जातात. हा जाच घरात होतो, त्यामुळे शाळेच्या कोणत्याही नोंदीत तो उतरत नाही.

मागची वाट

हा विषय महाराष्ट्रात पाश्चात्त्यांकडून परवा आला, असा एक समज आहे. कागदपत्रे वेगळे सांगतात. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ 1927 ते 1953 या काळात चालले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या शंकांमध्ये समलिंगी संबंधांचा विषय होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर प्रश्न विचारणे आणि त्याला शास्त्रीय उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची मांडणी होती. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड भरावा लागला. याच आंबेडकरांनी 1950 मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्या महाविद्यालयाचे नागसेनवन असलेल्या या शहरासाठी म्हणूनच तो खटला परका नाही. प्रश्न विचारणाऱ्याला लाज वाटू न देता उत्तर द्यावे की नाही, हाच त्यातला मुद्दा होता आणि वर्गात तो अजून तसाच आहे.

साहित्य-नाटकाने हा विषय वेळोवेळी हाताळला. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आले. त्याची पार्श्वभूमी महाविद्यालयाची आहे आणि केंद्रस्थानी स्त्रीवर प्रेम करणारी मुलगी. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि ‘पार्टनर’सारखी पुस्तके सोप्या मराठीत लिहिली. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला स्वतःविषयी वाचता येईल असे साहित्य त्यामुळे तयार झाले. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन 2012 मध्ये आले. ‘नटरंग’ (2010) या चित्रपटात पिळदार देहाच्या गुणाला नाच्याची भूमिका करताना काय सोसावे लागते, हे लाखो प्रेक्षकांनी पाहिले. बालगंधर्वांच्या स्त्रीरूपावर जीव टाकणाऱ्या, जोगत्यांचा पदर डोक्याला लावणाऱ्या समाजातच ‘बायल्या’ ही शिवी जिवंत राहिली. मंचावर आणि देवळात जे मान्य होते ते बाकावर मान्य झाले नाही.

शालेय शिक्षणाची वाट मात्र मध्येच तुटली. किशोरवयीनांसाठीचा केंद्राचा लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम 2007 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी थांबवला. मजकूर आणि चित्रे भारतीय संस्कृतीला साजेशी नाहीत, हा आक्षेप होता. त्यानंतर विषय ‘जीवनकौशल्ये’, ‘आरोग्य’ अशा नावांनी तुकड्या-तुकड्यांत परतला. बालभारतीच्या 2019 च्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघे मिळून भाजी निवडताना दिसले, तेव्हा त्या चित्राची बातमी झाली. साचे किती घट्ट आहेत याची ती खूणच होती.

कायदा कुठपर्यंत पोचला

1860 च्या भारतीय दंड विधानाच्या 377 व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे कलम त्या मर्यादेत रद्द केले. त्याआधी 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालाने पारलिंगी व्यक्तींना आपली ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला होता. विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने नाकारला.

मराठवाड्यात या बदलाचे पडसाद उमटले. बीड जिल्ह्यातील माजलगावचे पोलीस कर्मचारी ललित साळवे यांनी 2017 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. न्यायालयाची पायरी चढावी लागली, पण 2018 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि नोकरीही टिकली. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या याच शहरातल्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातील अंजली पाटील या पारलिंगी उमेदवाराला महिला राखीव जागेवर ग्रामपंचायत लढवू दिली. न्या. रवींद्र घुगे यांनी निकाल दिला आणि अंजली ती निवडणूक जिंकल्या. दोन्ही उदाहरणे प्रौढांची आहेत. स्वतः अर्ज करू शकणाऱ्या, न्यायालयात जाऊ शकणाऱ्या माणसांची आहेत. सातवीतल्या मुलाच्या हाती यातले काहीच नसते.

त्याच्यासाठी काय आहे? शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते. मात्र त्याचा रोख प्रामुख्याने शिक्षकांकडे आहे. पारलिंगी व्यक्ती संरक्षण कायदा 2019 मध्ये झाला आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्याच्या 2020 च्या नियमांत प्रत्येक शिक्षणसंस्थेत तक्रार ऐकणारी समिती अपेक्षित आहे. त्रास देणाऱ्यांत शिक्षक असला तरी विद्यार्थ्याला त्याचा जाच होणार नाही, हे पाहण्याचे अधिकार त्या समितीला आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणारा त्रास स्पष्ट शब्दांत घातला. तो नियम महाविद्यालयांसाठी आहे.

याहून जुना आणि जवळचा कायदा महाराष्ट्राचाच आहे. 1999 च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा मानसिक इजा होईल अशा वर्तनाचा समावेश आहे, आणि त्यात ‘चिडवणे’ हा प्रकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. हा कायदा वसतिगृहे आणि शिकवणी वर्गांनाही लागू आहे. तक्रारीकडे काणाडोळा करणारा संस्थाप्रमुखही त्यात जबाबदार ठरतो. रॅगिंग म्हणजे महाविद्यालयातला प्रकार, ही समजूत इतकी पक्की आहे की शाळांना हा कायदा क्वचितच आठवतो.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि जात, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व, धर्म यांवरून होणाऱ्या छळाची गोपनीय तक्रार करता यावी, असे त्यात आहे. त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला, दोन शाळांतून काढल्या गेलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेच्या याचिकेवर न्यायालयाने भरपाई दिली आणि 2019 चा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल सरकारांना खडसावले. शिक्षिकेलाच जिथे जागा मिळत नाही, तिथे मुलाने कुणाकडे पाहावे, हा प्रश्न त्या प्रकरणातून आपोआप पुढे येतो.

आकडे काय सांगतात

आपल्या देशातला वारंवार उल्लेख होणारा अभ्यास तमिळनाडूतला आहे. युनेस्कोने चेन्नईच्या सहोदरन संस्थेबरोबर सुमारे चारशे तरुणांशी बोलून तो 2019 मध्ये प्रसिद्ध केला. माध्यमिक टप्प्यावर 60 टक्के जणांनी मारहाणीसारखा शारीरिक त्रास सोसला होता. 43 टक्के जणांना प्राथमिक शाळेतच लैंगिक स्वरूपाचा त्रास झाला होता. शाळेकडे तक्रार करणारे होते फक्त 18 टक्के. शाळा सोडण्यामागे हा छळ मोठे कारण होते, असे सुमारे एक तृतीयांश जणांनी सांगितले. हा नमुना संस्थांशी जोडलेल्या तरुणांचा आहे, त्यामुळे तो सगळ्या विद्यार्थ्यांना लावता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

2011 च्या जनगणनेत प्रथमच स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ हा पर्याय होता. देशात 4.88 लाख आणि महाराष्ट्रात 40,891 जणांची त्यात नोंद झाली. या गटाची साक्षरता सुमारे 56 टक्के होती, तर देशाची 74 टक्के. अठरा टक्केबिंदूंची ही दरी शाळेच्या दारातच पडलेली आहे. समलिंगी विद्यार्थी या मोजणीत येतच नाहीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. कारणांच्या यादीत परीक्षेतील अपयश, प्रेमप्रकरण, कौटुंबिक वाद असे रकाने आहेत. लैंगिक ओळखीवरून झालेल्या छळाचा रकाना नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये फरिदाबादच्या एका दहावीतल्या मुलाने आत्महत्या केली. त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत शाळेकडे बोट होते आणि आईने उघडपणे दाद मागितली, म्हणून ते प्रकरण देशाला कळले. नोव्हेंबर 2023 मध्ये उज्जैनचा मेकअप करणारा किशोर साडीतल्या व्हिडिओवर आलेल्या शिव्यांच्या भडिमारानंतर गेला. चिठ्ठी नसती, व्हिडिओ नसता, तर दोघेही कोणत्या रकान्यात गेले असते?

चार भूमिका

पहिली भूमिका आहे नाव घेऊन संरक्षण देण्याची. समलिंगी-पारलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि अनेक वकील ती मांडतात. नियमात ‘लैंगिक कल’ हे शब्द नसतील तर शिक्षक प्रकार ओळखतच नाही, असे त्यांचे म्हणणे. जातिवाचक शिवी वेगळी ओळखली गेली तेव्हाच तिच्यावर उपाय सुरू झाले, हा त्यांचा दाखला आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांचा 7 जून 2021 चा निकाल याच दिशेचा आहे. निकाल देण्यापूर्वी विषय समजावा म्हणून त्यांनी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे सत्र घेतले आणि मग पालक-शिक्षक सभांतून जागृती करण्यापर्यंत शाळांसाठी सूचना दिल्या.

दुसरी भूमिका सर्वसमावेशक शिस्तीची. कुणालाही, कोणत्याही कारणावरून चिडवायचे नाही, असा एकच नियम पुरे. लठ्ठ, काळा, तोतरा, परीटाचा, बायल्या असे वेगवेगळे कप्पे करू नयेत, असे काही मुख्याध्यापक आणि बालमानसतज्ज्ञ म्हणतात. वेगळे नाव दिल्याने त्या मुलावरच शिक्का बसेल, ही त्यांची भीती. तिच्यात तथ्य आहे, कारण ज्या मुलाला स्वतःविषयी काही ठरवायचे नाही त्याच्यावर मोठ्यांनी ओळख लादणे हाही अन्यायच. पहिल्या भूमिकेचे यावर उत्तर असे, की सर्वसाधारण नियम असलेल्या शाळांतच हे टोमणे ‘मस्करी’ म्हणून सुटतात.

तिसरी भूमिका पालकांच्या हक्काची आणि वयाच्या मर्यादेची. लैंगिकतेविषयी कधी आणि किती बोलायचे हे घराने ठरवावे, शाळेने नव्हे, असे मानणारे पालक सर्व धर्मांत आहेत. एनसीईआरटीची पारलिंगी मुलांच्या समावेशाविषयीची शिक्षक-पुस्तिका 2021 च्या अखेरीस आली, तेव्हा राष्ट्रीय बालहक्क आयोगाने तिच्यातील सामायिक स्वच्छतागृहे आणि पौगंडावस्था लांबवणाऱ्या औषधांचा उल्लेख यांवर आक्षेप घेतला. पुस्तिका संकेतस्थळावरून हटवली गेली. न्या. वेंकटेश यांनी या घाईबद्दल नाराजी नोंदवली. जानेवारी 2023 मध्ये नवा मसुदा चर्चेसाठी आला. औषधे आणि स्वच्छतागृहे यांवरचा वाद गंभीर आहे आणि त्याला जागा मिळायला हवी. पण त्या वादात पुस्तिकेतला छळ रोखण्याविषयीचा भागही झाकला गेला, ज्याला विरोध करणारे फारसे कुणी नव्हते.

चौथी भूमिका शिक्षकांची आहे आणि ती सर्वांत कमी ऐकली जाते. वर्गात साठ मुले, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, शाळेत समुपदेशक नाही. विषय काढला तर पालक तक्रार करतील, आणि मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या पोक्सो कायद्यातील माहिती देण्याच्या सक्तीमुळे आपणच अडचणीत येऊ, ही धास्ती. शिवाय डी.एड.-बी.एड.मध्ये यावर बोलायचे शब्द कुणी दिलेले नाहीत. या शिक्षकांना दोषी ठरवून काही साधत नाही. त्यांच्या हाती काय द्यायचे, हे ठरवल्याशिवाय कोणताही नियम वर्गात उतरणार नाही.

कशाने फरक पडतो

दोन भारतीय प्रयोगांकडे पाहावे लागते. पहिला आपल्याच राज्यातला. मुंबई महापालिकेच्या 45 शाळांत 2008 पासून ‘जेम्स’ हा प्रकल्प झाला. आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था त्यात होत्या. सहावी-सातवीच्या मुला-मुलींशी खेळ आणि चर्चांतून घरकाम, मर्दानगी, हिंसा यांवर संवाद झाला. मुलांच्या मतांत समानतेकडे झुकाव दिसला. वर्तन बदलायला मात्र जास्त काळ लागतो, हेही दिसले. ‘मुलगा म्हणजे काय’ यावर बोलताच ‘बायल्या’ या शब्दाचा आधार ढिला होतो, आणि तेवढ्यासाठी लैंगिक संबंधांवर एक शब्दही बोलावा लागत नाही.

दुसरा प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला, ‘सेहर’ नावाचा. संगत संस्थेने सरकारी माध्यमिक शाळांत तो केला आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये 2018 मध्ये आले. काही शाळांत प्रशिक्षित पण बिगर-व्यावसायिक समुपदेशक नेमला, काहींत तेच काम शिक्षकावर सोपवले. समुपदेशक असलेल्या शाळांत छळ आणि नैराश्य दोन्ही लक्षणीय घटले, शाळेचे वातावरण सुधारले. शिक्षकावर काम सोपवलेल्या शाळांत फरक पडला नाही. प्रयोग एकूण छळाविषयी होता, लैंगिक ओळखीविषयी नव्हे. तरीही धडा उपयोगी आहे: हे काम शिक्षकाच्या आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक ओझे म्हणून टाकले तर ते होत नाही. गावातलाच, थोडे प्रशिक्षण घेतलेला, हेच काम करणारा माणूस लागतो.

जगातून एक उलटा धडाही मिळतो. ब्रिटनमध्ये 1988 च्या ‘कलम 28’ने स्थानिक संस्थांना समलिंगीतेचा ‘प्रचार’ करण्यास मनाई केली. शाळांत त्याचा अर्थ गप्प बसणे असा झाला, आणि छळ होताना दिसूनही शिक्षक मध्ये पडेनात. इंग्लंडमध्ये ते कलम 2003 मध्ये रद्द झाले.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मोजणीचा. यूडायस या सरकारी शालेय माहितीसाठ्यात वर्गखोल्या, नळ, संगणक मोजले जातात. मुले कोणत्या टोमण्यांमुळे शाळा सोडतात हे मोजले जात नाही. मराठवाड्याचा असा स्वतंत्र अभ्यास झाला तर निदान चर्चा अंदाजावर चालणार नाही.

दुसरा, तक्रार कुठे करायची. राज्यात 2022 पासून शाळांत सखी-सावित्री समित्या आहेत, तक्रारपेटीची सक्ती त्याहून जुनी आहे, आणि ऑगस्ट 2024 च्या बदलापूरमधील शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणानंतर या सूचना पुन्हा कडक झाल्या. या व्यवस्थेचा भर मुलींच्या सुरक्षिततेवर आहे आणि तो रास्तच आहे. पण चिडवला जाणारा मुलगा तिथे जाऊ शकतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. ‘बघू या, खरंच मुलगा आहे का’ म्हणून स्वच्छतागृहात मुलाच्या कपड्यांना हात घालणे हा त्या कायद्याखालचा गुन्हा ठरू शकतो, हे मुलांना तर नाहीच, पालकांनाही ठाऊक नसते.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न गोपनीयतेचा. मुलाने शिक्षकाला विश्वासाने काही सांगितले तर घरी कळवायचे का? पालकांना अंधारात ठेवू नये, हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण घरी कळताच मारहाण, बाबा-बुवा किंवा ‘उपचार’ सुरू होतात, असाही अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलिंगीतेला आजारांच्या यादीतून काढले आणि भारतीय मानसोपचार संघटनेने 2018 मध्ये तसेच स्पष्ट केले. ‘बरे करण्याचे’ असे उपचार हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवले. छळ झाला एवढे घरी सांगावे, का झाला ते मुलाच्या संमतीनेच सांगावे, असा मधला मार्ग काही समुपदेशक सुचवतात. त्यावर अजून एकमत नाही.

चौथा, चिडवणाऱ्यांचे काय करायचे? तेही अल्पवयीनच. दाखला हातात दिला तर शिव्या दुसऱ्या शाळेत जातात. समज, माफी, पालकांशी बोलणे, आणि त्यानंतरही न थांबल्यास कायदा, अशी पायरी-पायरीने जाणारी पद्धत बहुतेकांना मान्य आहे. तिचा लेखी नमुना मात्र बहुतेक शाळांकडे नाही.

पाचवा प्रश्न या शहराचा खास आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोलीहून हजारो मुले शिकायला इथे येतात आणि वसतिगृहांत, भाड्याच्या खोल्यांत राहतात. शाळेतला त्रास घंटा वाजली की संपतो. खोलीत तो रात्रभर सोबत असतो, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर खोलीबाहेरही. गावाकडचा, फीसाठी धडपडणारा, त्यातून जातीवरूनही हिणवला जाणारा मुलगा इथे दुहेरी कोंडीत सापडतो. शाळा, महाविद्यालय, घरमालक आणि शिकवणी वर्ग यांपैकी जबाबदार कोण, हे ठरलेले नाही.

कुठे उभे आहोत

सगळ्या बाजू मांडल्यावर एक जागा अशी दिसते जिथे त्या एकत्र येतात. नाव घ्यावे की न घ्यावे, लैंगिक शिक्षण कोणत्या इयत्तेत द्यावे, पालकांना काय सांगावे, यांवर मतभेद राहतील आणि चर्चाही होत राहावी. पण ‘मुलाला रोज छळले जात असेल तर ते थांबले पाहिजे’ या वाक्याला चौघांपैकी कुणाचाच विरोध नाही. मतभेदाच्या गलक्यात हे एकमत हरवून बसले आहे.

त्याला लागूनच आणखी एक गोष्ट येते. चिडवला जाणारा मुलगा समलिंगी आहे, पारलिंगी आहे की यांपैकी काहीच नाही, हे ठरवल्याशिवाय त्याचे संरक्षण करता येते आणि तसेच केले पाहिजे. संरक्षण मागण्यासाठी अकरा वर्षांच्या मुलाला आपली ओळख सिद्ध करावी लागू नये. हा मुद्दा मान्य झाला तर पहिल्या दोन भूमिकांमधले अंतर बरेच कमी होते आणि तिसऱ्या भूमिकेची भीतीही.

दर जूनमध्ये नवे वर्ष सुरू होते आणि पहिली पालकसभा होते. त्या सभेत मुख्याध्यापकांनी गणवेश आणि फीबरोबर दोन वाक्ये अधिक बोलावीत: या शाळेत कुणालाही ‘बायल्या’ म्हणणे ही मस्करी धरली जाणार नाही, आणि त्रास झाला तर या नावाच्या व्यक्तीकडे यायचे. त्या व्यक्तीच्या नावाखाली फलकावर दोन क्रमांक लिहावेत. 1098 मुलांसाठीचा आणि 14416 मनाच्या आधारासाठीचा. दोन्ही विनामूल्य आहेत आणि कोणत्याही वेळी लागतात.